महोदयांचे त्रेसष्ट अर्ज

"आडवा म्हंजी मेला, सायेब! ऊस काय जेवून वामकुक्षीला आडवा झालाय व्हय?"

साइटवरच्या मेसच्या शेडमध्ये त्या दुपारी दोनशे माणसं जेवत होती, आणि दोनशेच्या दोनशे घास तोंडापाशी थांबले. नेपाळी थांबले, बंगाली थांबले. कोपऱ्यातला तो बहिरा पठाण वेल्डर, ज्याला स्वतःचा ग्राइंडर ऐकू येत नाही, त्यानेसुद्धा मान वर केली. आवाजच तसा होता. त्या आवाजाने एकदा खाली रस्त्यावरची लँड क्रूझर आपोआप बाजूला झाली होती, असं मी सगळ्यांना सांगतो आणि अजून कुणी ते खोटं पाडलेलं नाही.

फोन टेबलावर स्पीकरला होता. पलीकडे गावचा तलाठी. अलीकडे आमचे टॉवर क्रेनचे ऑपरेटर मारुती सखाराम, ज्यांना सगळा कॅम्प 'महोदय' म्हणायचा. आदल्या दिवशी त्यांच्या सोनघळवरून वादळ गेलं होतं. समुद्रात उठलेल्या चक्रीवादळाचं नुसतं शेपूट घाटावर फिरलं, पण त्या शेपटाने त्रेसष्ट घरांचे पत्रे नेले आणि भोवतालचा सगळा ऊस चटई अंथरावी तसा अंथरला.

"अहो, पण पीक शेतातच आहे ना?" तलाठी शांतपणे म्हणाला. "वाहून गेलं नाही, जळालं नाही. आडवं पीक नुकसानीत धरायचं का, याचा वरून खुलासा आलेला नाही."

"वरून वारा आला न्हवं? आनि खुलासा कशाला पायजे?"

"तुम्ही कोण बोलताय? खातेदार का?"

"खातेदार माजा भाऊ. मी कतारला हाय. क्रेनवर."

"मग भावाला अर्ज करायला सांगा. सगळ्यांनाच सांगा. पंधरा दिवसांची मुदत आहे. अर्ज आला की बघू."

आणि इथे मी जे बघितलं ते शपथेवर सांगतो. 'अर्ज' हा शब्द कानावर पडला आणि त्या माणसाच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या. खांदे खाली आले. आवाज साखरेच्या पाकासारखा झाला.

"अर्ज व्हय?" महोदय म्हणाले. "आसं आधी बोला की, सायेब."

त्यांनी फोन ठेवला, ताटातला गार भात कालवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "कोकण्या, चांगल्यातला कागद किती हाय तुझ्या स्टोअरात?"

मी त्या साइटवर स्टोअरकीपर होतो. गुहागरचा. सिमेंट, केबल, हातमोजे, झाडू, कागद, सगळं माझ्या कुलपात. महोदयांचा आणि माझा संबंध मुळात कागदावरून जडला, म्हणून मी या गोष्टीत आहे. एरवी माझं त्यात काही काम नाही.

त्यांना महोदय का म्हणायचे, ते ऐका. अर्जाच्या मायन्यात जे 'मा. महोदय' येतं ते या माणसाच्या तोंडात कायमचं बसलं होतं. चहा मागायचा तरी "महोदय, एक करक". वरून केबिनमधून वॉकीटॉकीवर खाली हुकाला माल बांधणाऱ्या नेपाळी रिगरला सांगायचं, "महोदय, हुक सोडो." नेपाळी पोरांना वाटलं हा क्रेनच्या भाषेतला शब्द आहे. तेही वर सांगायला लागले, "महोदय, लोड रेडी." शेवटी तो आमच्या साइटचा अधिकृत शब्द झाला. आयरिश प्रोजेक्ट मॅनेजर मीटिंगमध्ये विचारायचा, "इज महोदय अप?" म्हणजे क्रेन चालू आहे का.

अर्ज हे त्यांचं घराणं होतं. कुणाच्या घरात गाणं असतं, कुणाच्या घरात कुस्ती. महोदयांच्या घरात अर्ज. त्यांचं सोनघळ डोंगरातलं. धरण झालं, पाणी चढलं, आणि सरकारने ही माणसं उचलून खाली मैदानात, दीडशे किलोमीटरवर, माळावर नेऊन बसवली. तिथे ना वीज, ना पाणी, ना जमिनीचा पत्ता. महोदयांचे वडील सातवी झालेले. वसाहतीत तेवढे एकटेच लिहिते. त्यांनी अर्जांचा असा काही धडाका लावला की चौथ्या अर्जाला जमीन मिळाली, अकराव्याला पाणी, आणि एकोणिसाव्याला पाटाच्या पाण्यावर ऊस उभा राहिला. एस.टी.च्या थांब्याला किती अर्ज लागले ते महोदय सांगायचे नाहीत, पण तेवढ्या वेळात माणूस चालत मुंबईला जाऊन आला असता. वडील गेले तेव्हा मुलाला म्हणे एकच गोष्ट देऊन गेले: कागदाचा डावा तिसरा भाग दुमडून समास सोडायचा, तिथे साहेब शेरा मारतो. साहेबाला जागा ठेवली नाही तर साहेब रागावतो.

इथे आल्यावरही समास सुटला नाही. मेसची डाळ म्हणजे कढत पिवळं पाणी होतं. तिच्यात आपलं तोंड दिसायचं, दाढी करता आली असती. सगळे शिव्या देत प्यायचे. महोदयांनी अर्ज लिहिला. विषय: डाळीमध्ये डाळ असणेबाबत. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, आम्ही खालील सही करणार कामगार यांस मागील तीन महिन्यांपासून डाळीचा केवळ रंग मिळत असून डाळ मिळत नाही. सबब...' मी त्याचं इंग्रजी केलं. मेसचा ठेकेदार केरळचा, भला माणूस. त्याने तो अर्ज वाचला, डोळे पुसले, आणि किचनच्या भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी चिकटवला. डाळ होती तशीच राहिली.

पण महोदयांना त्याचं काही वाटत नसे. त्यांना पोच मिळाली होती.

पोच! ही पोच नीट समजली नाही तर हा माणूस समजायचा नाही. अर्जाच्या दोन प्रती करायच्या, एक साहेबाला द्यायची, आणि दुसरीवर 'मिळाला' म्हणून सही-शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलायचं नाही. वडिलांचा नियम. महोदय म्हणायचे, "अर्ज देवाला बी करावा, पन पोच घ्यावी." क्लिनिकमधल्या फिलिपिनो नर्सकडून त्यांनी गुडघ्याच्या अर्जाची पोच घेतली, तिला काय हवंय ते कळेना, तिने सहीशेजारी एक हसरा चेहरा काढून दिला. तोसुद्धा फायलीत लागला.

एकदा कॅम्पमधल्या खोलीतला एसी त्यांच्या बंकवर ठिबकायला लागला. अर्ज घेऊन ते कॅम्प बॉसकडे गेले; तो तेव्हा माझ्याच स्टोअरात येऊन बसला होता. कॅम्प बॉस इजिप्तचा, दारात मावणार नाही एवढा. त्याने कागद घेतला, म्हणाला, "बुकरा, इन्शाल्ला." म्हणजे उद्या बघू. महोदय हलेनात. बॉस म्हणाला, "खलास, यल्ला, गो." महोदय दुसरी प्रत पुढे धरून उभे. एक तास. बॉस जेवला, फोनवर बायकोशी भांडला, समेट झाला, तरी हे उभे. शेवटी बॉसने वैतागून माझ्या टेबलावरचा हाताला लागला तो शिक्का उचलला आणि दाणकन मारला. तो माझा स्टोअरचा शिक्का होता: 'माल मिळाला, तपासलेला नाही.'

मी महोदयांना त्याचा अर्थ सांगितला. ते खूश झाले. म्हणाले, "मग बराबर हाय की. सरकारचं आसंच आसतंय." एसी पुढचे सात महिने ठिबकला. महोदय बंकवर छत्री बांधून झोपले.

वाऱ्याचं मात्र त्यांना भलतंच ज्ञान. क्रेनच्या केबिनमध्ये वारा मोजायचं मीटर असतं, पण महोदय म्हणायचे मीटरला गाव नसतं, त्याला वाऱ्यातलं काय कळणार. शमाल, म्हणजे इथला धुळीचा वारा, सुटायच्या आधी अर्धा तास ते वॉकीटॉकीवर सांगायचे, "महोदय, माल खाली घ्या." आकाश निळंशार, सेफ्टी ऑफिसर हसायचा. अर्ध्या तासात अशी धूळ यायची की माणसाला स्वतःचा हात ओळखपत्र बघून ओळखावा लागायचा. माझं एक हेल्मेट त्या वाऱ्याने नेलं ते सौदीत सापडलं असणार. पण महोदय त्या वाऱ्याला मोजतच नसत. "ह्यो वारा परका हाय," ते म्हणायचे. "ह्यो आपल्यावर दात धरून येत न्हाई. घरचा वारा येगळा."

तो घरचा वारा आला, आणि महोदयांनी कागद मागितला.

वसाहतीत आता लिहिणाऱ्यांची कमी नव्हती. पोरं बी.ए., बी.कॉम. झालेली, एक मास्तर होता, एक मुलगी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. पण अर्ज म्हटल्यावर सगळ्यांनी एकच सांगितलं: दादानेच लिहावा. सखाराम अण्णाच्या घरचा अर्ज वाया जात नाही. भाऊ बाळू फोनवर घराघरात फिरला, प्रत्येकाने आपलं आपलं सांगितलं, आणि महोदयांनी ते रफ वहीत उतरवून घेतलं. चार दिवस जेवताना, बसमध्ये, केबिनमध्ये, वर साठ मीटरवर, तो एकच उद्योग.

मी म्हटलं, "महोदय, एक मजकूर तयार करा, मी टाइप करतो, नावं बदलून त्रेसष्ट प्रिंट काढू. दहा मिनिटांचं काम."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पंक्तीला उष्टं ताट फिरवायला सांगितलंय.

"झेरॉक्सचा अर्ज सायेब वाचत न्हाई," ते म्हणाले. "एकसारखं दिसलं की त्येला वाटतं, नुकसान बी एकसारखंच आसंल. मग कुनाचंच न्हाई आसं वाटाय लागतंय."

तेव्हा शुक्रवारी सकाळी सातला आम्ही कामगारांच्या बाजारात, एशियन टाउनमध्ये, एका चहावाल्याकडे मागचं टेबल धरून बसलो. महोदयांनी आंघोळ करून गंध लावलं होतं. खिशात चार पेनं. पहिला कागद दुमडला, समास पडला, आणि त्यांनी जे लिहायला घेतलं ते संध्याकाळपर्यंत. मधे फक्त दोन वेळा उठले. हात एवढा चालला की शेवटी शेवटी पेनातून वाफ येत होती. अशा गोष्टी सांगताना मला वाढवून सांगायची सवय आहे, हे माझी बायकोही मान्य करते. पण त्रेसष्ट हा आकडा मी वाढवलेला नाही. आणि त्यातला एकही दुसऱ्यासारखा नव्हता, हेही वाढवलेलं नाही.

राधाकाकूंचा पत्रा उडून विहिरीत पडला होता आणि विहिरीचं पाणी पिववत नव्हतं, ते त्यांच्या अर्जात. दत्तूच्या उसाला महिन्यापूर्वी ठिबक बसवलं होतं, त्या नळ्या विजेच्या तारांवर लोंबत होत्या, ते त्याच्या अर्जात. एका घरातलं पोरगं कॉटखाली बसलं म्हणून वाचलं. तिथे महोदयांनी 'सुदैवाने जीवितहानी नाही' लिहिलं आणि मग पेन उचलून बराच वेळ बसून राहिले. कुणाच्या गोठ्याचा, कुणाच्या चुलीचा, कुणाच्या देव्हाऱ्याचा असा सगळा हिशेबवार मजकूर, आणि शेवटी 'ऊस जमिनीस टेकला असून शेंड्यास कोंब व कांड्यास मुळ्या फुटू लागल्या आहेत, पाऊस तोंडावर आहे, घरांवर छप्पर नाही. सबब तातडीने पंचनामा होऊन शासकीय मदत मिळावी ही नम्र विनंती. कळावे.'

माझं काम एकच. त्यांनी पान पुढे सरकवायचं, मी वरपासून खालपर्यंत वाचायचं, काना-मात्रा बघायची, मोबाइलने फोटो काढायचा आणि बाळूला पाठवायचा. तिकडे बाळू तालुक्याला कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात बसून प्रिंट काढत होता. रविवारी घराघरातून सह्या झाल्या, अंगठे झाले, सातबारा जोडले. सोमवारी बाळू गठ्ठा घेऊन तहसीलला गेला आणि संध्याकाळी त्रेसष्ट पोचा व्हॉट्सॲपवर आल्या. मुदतीला चार दिवस बाकी ठेवून.

त्या संध्याकाळी महोदयांनी अख्ख्या खोलीला करक पाजलं. एकेक पोच मोठी करून सगळ्यांना दाखवली. "बघ शिक्का. गोल हाय बघ. गोल शिक्का म्हंजी सरकारी." नेपाळी रूमपार्टनरने विचारलं, आता पैसे कधी येणार? महोदय म्हणाले, "पैशाचं नंतर. आदी पंचनामा. मानूस येऊन बघून गेला पायजे. कुनीतरी येऊन बघितलं पायजे, मग मानूस धीर धरतो."

मला वाटतं त्यांना तेवढंच हवं होतं. कुणीतरी येऊन बघावं.

उत्तर तेराव्या दिवशी आलं. इथे जूनचं ऊन सुरू झालेलं, तिकडे पाऊस कोकण ओलांडून घाटावर टेकला होता. सकाळची वेळ. महोदय वर होते, हुकाला सळ्यांचा भारा होता, आणि तो भारा हवेत थांबला. खालून रिगर ओरडतोय, "महोदय, नीचे! महोदय!" वरून उत्तर नाही. मी खरंच सांगतो, सगळी साइट वर बघत उभी राहिली. मग अगदी सावकाश, अंडं ठेवावं तसा तो भारा खाली आला. क्रेन बंद झाली. आणि महोदय शिडीने उतरायला लागले. साठ मीटर उतरायला त्यांना एरवी दहा मिनिटं लागायची. त्या दिवशी किती लागली ते मला सांगता येणार नाही. मला वाटलं ते उतरतच राहणार.

माझ्या स्टोअरमध्ये येऊन त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

एकच कागद होता. त्रेसष्ट अर्जांना मिळून एक. 'संदर्भीय अर्जदारांनी आपल्या अर्जात नुकसानीचे ठिकाण मौजे सोनघळ असे नमूद केले आहे. सदर गाव प्रकल्पाच्या जलाशयाखाली गेले असून अभिलेखातून कमी करण्यात आलेले आहे. सबब सदर ठिकाणी वादळाने पीक अथवा घरांचे नुकसान होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहेत.'

मी दोनदा वाचलं. तरी मला कळेना. मग महोदयांनी आपल्या जाड बोटाने एकच शब्द दाखवला. सोनघळ.

वसाहतीचं सरकारी नाव वसाहत क्रमांक चार. रेशनकार्डावर ते, आधारवर ते, एस.टी.च्या पाटीवर ते. पण तिथे राहणारं कुणी ते नाव तोंडाने घेत नाही. बाळ जन्मलं तर सोनघळला जन्मलं म्हणतात, लग्नपत्रिकेवर सोनघळ छापतात, मी फोन केला की बाळू म्हणायचा, "सोनघळास्नं बोलतोय." त्यांना विचारलं की गाव बुडालं का, तर हो म्हणतील, आणि गाव कुठाय विचारलं तर पायाखाली बोट दाखवतील. महोदयांनी प्रत्येक अर्जाच्या वरच्या ओळीत गावाचं नाव लिहिलं होतं. त्यांच्या गावाचं जे नाव आहे ते.

"तू बी वाचलंस," ते म्हणाले.

"हो."

"त्रेसष्ट येळा."

"हो, महोदय."

मी काना-मात्रा बघत होतो. 'सोनघळ'मध्ये काना एकच आहे, आणि तो जागेवर होता.

मग बाळूचा फोन आला. मला वाटलं आता तिकडून शिव्या येतील. आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दादा, तुजी चूक न्हाई," बाळू म्हणाला. "आमी समद्यांनी सह्या केल्या की. मास्तरानं वाचून केली. वकिलीणीनं वाचून केली. कॉम्प्युटरवाला बी आपल्यातलाच. कुनाच्याच डोळ्यात आलं न्हाई."

"काकूला सांगितलंस?"

"सांगितलं. ती म्हनली, बराबर तर लिव्हलंय. दुसरं काय लिव्हनार?"

पलीकडून पावसाचा आवाज येत होता, प्लॅस्टिकच्या कागदावर पडणारा.

नवे अर्ज त्यांनी केले. दुपारी कामबंदीच्या तासांत, दोन दिवसांत. या वेळी मी म्हटलं नाही, तरी त्यांनीच सांगितलं, "टाइप कर." एकच मजकूर, नावं बदलून. ठिकाण: वसाहत क्रमांक चार. बाळू घेऊन गेला. तहसीलमधल्या माणसाने सांगितलं, मुदत संपली. बाळूने जुन्या पोचा पुढे केल्या: मुदतीतच दिले होते. तो म्हणाला, ते निकाली निघाले. एकाच नुकसानीला दोन अर्ज चालत नाहीत. बाळू म्हणाला, मग पहिलेच दुरुस्त करून घ्या. तो म्हणाला, निकाली निघालेल्या अर्जात दुरुस्ती होत नाही.

महोदयांनी रजा मागितली. कंपनीत टॉवर क्रेनचे ऑपरेटर दोनच. दुसरा नुकताच घरी गेलेला. एच.आर.वाला म्हणाला, सप्टेंबर. महोदयांनी रजेचा अर्ज केला, त्याची पोच घेतली. दुसरा केला. तिसरा केला. जुलैच्या शेवटी बिनपगारी दहा दिवस मिळाले, तेही आयरिश साहेबाने मधे शब्द टाकला म्हणून. "हू डाइड?" त्याने मला विचारलं होतं. मी म्हटलं, "हिज व्हिलेज, सर." तो म्हणाला, "जीझस," आणि सही केली.

तिथे काय झालं ते महोदयांनी मला एकदाच सांगितलं, आल्यावर, तेही मी दोनदा विचारल्यावर. तहसीलदार भेटले. वाईट माणूस नव्हता, खुर्ची दिली, चहा मागवला. संगणकावर त्यांनी यादी उघडून दाखवली. वसाहत क्रमांक चार हे महसुली गावच नाही. बसवून एवढी वर्षं झाली, पण महसुली दर्जा अजून प्रस्तावित आहे. म्हणजे पहिल्याच वेळी बरोबर नाव लिहिलं असतं तरी वाट दुसऱ्या गावच्या यादीतून काढावी लागली असती, आणि त्या गावचे लोक आधीच आपली यादी भरून बसले होते.

"मग आमी ऱ्हातो कुटं, सायेब?" महोदयांनी विचारलं.

तहसीलदार म्हणाले, "राहता तुम्ही तिथेच हो. मला माहीत आहे. मी बघितलंय."

"बघितलंय?"

"वादळाच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच रस्त्याने गेलो. पत्रे रस्त्यावर होते, ते बाजूला करून गाडी काढली."

महोदयांनी फायलीतून पोचांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. तहसीलदारांनी वरची उचलली, शिक्का बघितला, आणि म्हणाले, "पोच बरोबर आहे. पोच म्हणजे अर्ज मिळाला, एवढंच."

दहा दिवसांतले उरलेले दिवस त्यांनी प्लॅस्टिक बांधण्यात घालवले. ऊस कुजला होता. त्यात उंदरांनी बिळं केली होती, कांडी पोखरून ठेवली होती, आणि डोळ्याडोळ्यातून हिरवे कोंब वर आले होते. लांबून कुणाला वाटावं की पीक जोरात आहे. तोडणीला टोळी येईल का म्हणून कारखान्याला विचारलं, तर कारखान्याने सांगितलं, हा ऊस नव्हे. बैलांपुढे टाकला तर बैल माणसांकडे बघत राहिले. सगळ्यांनी मिळून तो कापला आणि बांधावर टाकला. सहा घरं कामाला शहरात निघून गेली. त्यात राधाकाकूंचं एक. जाताना काकू महोदयांच्या पाया पडायला वाकल्या. वयाने ऐंशीच्या, आणि हे पन्नासचे. "तिनं मला मारलं आसतं तरी चाललं आसतं," महोदय म्हणाले. एवढं बोलून ते उठले.

आल्यावर ते बदलले, असं म्हणायची सोय नाही. क्रेन उत्तम चालवायचे. डाळ मुकाट प्यायचे. 'महोदय' म्हणणं मात्र बंद झालं होतं. रिगरला "हुक सोडो" एवढंच. नेपाळी पोरं गोंधळली. बिचारी काही दिवस आपल्या बाजूने म्हणत राहिली, "महोदय, लोड रेडी," वरून नुसतं "हां." मग त्यांनीही सोडून दिलं. दोन महिन्यांत साइटवरून तो शब्द गेला. मी एवढ्या गोष्टी वाढवून सांगतो, पण ही कमी करून सांगतोय.

मला पुढे शहरात, बिन महमूदला, एका ऑफिसात नोकरी लागली. कॅम्पमधला शेवटचा दिवस होता. सकाळी पाचची बस, सनायातून, म्हणजे कॅम्पच्या वस्तीतून, साइटकडे. बाहेर अजून झुंजूमुंजू, आत एसीचा गारठा आणि झोपेत कललेली डोकी. महोदय खिडकीशी बसले होते, मी त्यांच्या मागच्या सीटवर. त्यांच्या शेजारी एक नवा गडी येऊन बसला, लातूरकडचा गवंडी, येऊन चारच दिवस झालेले; नवी कोरी बॅग मांडीवर घट्ट धरलेली. इथे आलेल्या नव्या माणसाला आपलं कुणी दिसलं की जे होतं तेच त्याचं झालं. त्याचा चेहरा उजळला.

"मामा, आपल्या तिकडचेच दिसता तुम्ही. गाव कोणतं म्हणायचं?"

मी मागून पुढे वाकलो. का वाकलो, माहीत नाही.

"वसाहत क्रमांक चार," महोदय म्हणाले.

"तसं नव्हं, मामा." तो गडी हसला. "नंबर नाही इचारला. गावाचं नाव काय?"

"त्येच लिव्हत्यात."

"मंग गावाला नावच नाही का?"

"न्हाई," महोदय म्हणाले.